पात्र कोणाचे? 'स्टार वॉर्स'मधील नटांची निवड आणि चाहत्यांचे वाद

प्रयोगशाळेत ब्रेडबोर्डवर जोडलेले सर्किट चालले नाही, की विद्यार्थ्याचे पहिले वाक्य ठरलेले असते: "सर, आयसी गेला." बहुतेक वेळा आयसी ठणठणीत असतो. एखादी वायर सैल असते, ग्राउंड जोडायचे राहिलेले असते, नाहीतर पुरवठ्याचे व्होल्टेजच पुरेसे नसते. तरी संशय आयसीवर जातो, कारण बोर्डावर सर्वांत ठळक तोच दिसतो.

चित्रपटाच्या बाबतीत हा आयसी म्हणजे नट. एखादे पात्र जमले नाही, की आपण म्हणतो, "अमुक नट या भूमिकेत चुकीचा होता." हे ऐकायला आवडनिवड वाटते, पण खरे तर ते निदान आहे. काहीतरी बिघडले आहे आणि बिघाड अमुक ठिकाणी आहे, असा दावा तुम्ही करत असता. निदान म्हटले की ते तपासता आले पाहिजे. या पाठात आपण ही तपासणी कशी करायची ते पाहणार आहोत, आणि त्यासाठी उदाहरण घेणार आहोत 'स्टार वॉर्स' या चित्रपटमालिकेचे. एक तर ही मालिका तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलेली असते. दुसरे म्हणजे, तिच्यातल्या नटांवर आणि पात्रांवर चाहते गेली जवळजवळ पन्नास वर्षे वाद घालत आले आहेत, त्यामुळे तपासायला सामग्री भरपूर आहे. आणि तिसरे, चुकीच्या निदानाची किंमत इथे खऱ्या माणसांनी मोजलेली आहे.

ज्यांनी मालिका पाहिलेली नाही त्यांच्यासाठी

या मालिकेतला जॉर्ज लुकास यांचा पहिला चित्रपट मे १९७७ मध्ये आला. पुढचे दोन १९८० आणि १९८३ मध्ये आले. यांना आपण 'मूळ त्रयी' म्हणू. ल्यूक स्कायवॉकर हा शेतावर वाढलेला मुलगा, लेया ही बंडखोर राजकन्या, हान सोलो हा तस्करी करणारा वैमानिक, ओबी-वान केनोबी हा म्हातारा योद्धा, आणि काळ्या मुखवट्यातला खलनायक डार्थ व्हेडर. व्हेडर हाच ल्यूकचा बाप, पूर्वीचा ॲनाकिन स्कायवॉकर, हे दुसऱ्या चित्रपटात उघड होते. १९९९, २००२ आणि २००५ मध्ये आलेल्या तीन चित्रपटांत ॲनाकिनचा व्हेडर कसा झाला ही आधीची कथा आहे, ती 'पूर्वकथा'. २०१५, २०१७ आणि २०१९ चे तीन चित्रपट म्हणजे 'उत्तरकथा'. लुकास यांची कंपनी २०१२ मध्ये डिस्नेने विकत घेतल्यानंतरचे हे काम. याशिवाय काही सुटे चित्रपट आणि मालिका आहेत. एवढे पुरे.

निवड नटाची की जोडणीची?

पहिल्या चित्रपटाच्या ऑडिशन १९७५ मध्ये सुरू झाल्या. लुकास यांनी त्या ब्रायन डी पाल्मा यांच्याबरोबर एकत्र घेतल्या. डी पाल्मा त्या वेळी 'कॅरी' या भयपटासाठी चेहरे शोधत होते. एकाच खोलीत एकाला अंतराळातला नायक हवा आणि दुसऱ्याला शाळकरी मुले, असा तो प्रकार होता.

हॅरिसन फोर्ड यांनी लुकास यांच्या १९७३ च्या 'अमेरिकन ग्राफिटी' या चित्रपटात लहानसे काम केले होते. त्या चित्रपटातले नट पुन्हा घ्यायचे नाहीत असे लुकास यांनी ठरवले होते. फोर्ड तेव्हा पोटासाठी सुतारकामही करत. त्यांना बोलावले गेले ते समोरच्या उमेदवाराला संवाद देण्यासाठी. बाकीच्यांची परीक्षा घेता घेता हानचे वाक्य ते इतक्या वेळा बोलले, की शेवटी भूमिका त्यांच्याकडेच आली. या भूमिकेसाठी कर्ट रसेल आणि ख्रिस्टोफर वॉकेन यांचाही विचार झाला होता, आणि "वॉकेन हान झाले असते तर?" हा चाहत्यांचा अजूनही आवडता खेळ आहे.

खेळ म्हणून ठीक आहे, पण त्यात एक चूक आहे. लुकास यांनी शेवटच्या टप्प्यात नट एकेकटे न पाहता एकत्र पाहिले: हा ल्यूक, ही लेया आणि हा हान एकमेकांसमोर उभे राहिले की काय होते? चित्रीकरणाच्या वेळी कॅरी फिशर एकोणीस वर्षांच्या होत्या, मार्क हॅमिल चोविशीत आणि फोर्ड तेहतीस. हा वयातला फरकच त्या तिघांच्या बोलण्याला धार देतो. ल्यूकचा उतावळेपणा समोर मुरलेला, थोडासा कंटाळलेला हान असतो म्हणून दिसतो. तेव्हा एक नट काढून दुसरा ठेवायचा आणि बाकी सगळे तसेच राहील असे धरायचे, हे चालत नाही. एक रेझिस्टर बदलला की सर्किटमधल्या प्रत्येक नोडचे व्होल्टेज बदलू शकते, तसेच हे.

व्हेडर नावाची जोडणी

आता सर्वांत गाजलेल्या पात्राकडे वळू. मूळ त्रयीत डार्थ व्हेडर कोणी साकारला?

शरीर डेव्हिड प्राउस यांचे. ते ब्रिस्टॉलचे शरीरसौष्ठवपटू, उंची सहा फूट सहा इंच. सेटवर सगळे संवाद त्यांनीच म्हटले, पण त्यांचा इंग्लंडच्या पश्चिम भागातला हेल त्या काळ्या मुखवट्याला शोभेना. आवाज घेतला अमेरिकी नट जेम्स अर्ल जोन्स यांचा. पहिल्या चित्रपटासाठीचे त्यांचे ध्वनिमुद्रण काही तासांत उरकले. पहिल्या दोन चित्रपटांच्या श्रेयनामावलीत त्यांचे नाव नव्हते, कारण त्यांनीच ते नको म्हटले होते. आपण या कामात केवळ एक 'स्पेशल इफेक्ट' आहोत, अशी त्यांची भूमिका होती. दुसऱ्या आणि तिसऱ्या चित्रपटातल्या तलवारबाजीचा मोठा भाग बॉब अँडरसन यांचा. ते ऑलिंपिकमध्ये उतरलेले तलवारपटू. आणि १९८३ मध्ये मुखवटा निघतो तेव्हा आतून दिसतो तो चेहरा चौथ्याच माणसाचा: रंगभूमीवरचे जुने नट सेबॅस्टियन शॉ. खेरीज तो श्वास. ध्वनिरचनाकार बेन बर्ट यांनी तो पाणबुड्याच्या श्वसनयंत्रात श्वास घेऊन ध्वनिमुद्रित केला. मुखवट्याची मूळ कल्पना चित्रकार राल्फ मॅकक्वॅरी यांच्या रेखाटनांतून आली. एका यानातून दुसऱ्या यानात जायचे तर व्हेडरला श्वासाची सोय हवी, असा त्यामागचा साधा विचार होता.

आपल्याकडे 'तो मी नव्हेच'मध्ये प्रभाकर पणशीकर एकटे पाच भूमिका करत. इथे उलटे आहे: एका भूमिकेत चार माणसे. तरी पडद्यावर प्रेक्षकाला एकच व्हेडर दिसतो. हे कसे होते?

उत्तर असे, की पात्र हे नटात नसते, नट ज्या अटी पाळतो त्यांत असते. संगणक अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना हे लगेच कळेल. इंटरफेस एक असतो, त्यामागची अंमलबजावणी वेगवेगळ्या ठिकाणांहून येऊ शकते. व्हेडरचा इंटरफेस अतिशय स्पष्ट होता: उंची, चालण्याचा संथ वेग, श्वासाची लय, कमी शब्द, खोल आवाज. या अटी पाळल्या गेल्या तोवर आत कोण आहे याने फरक पडला नाही.

फरक पडला तो प्राउस यांना. आपला आवाज काढून टाकला जाणार हे आपल्याला सांगितले नव्हते, अशी त्यांची तक्रार आयुष्यभर राहिली. दुसऱ्या चित्रपटात बापलेकाच्या नात्याचा स्फोट होतो, त्या प्रसंगात त्यांना म्हणायला दिलेले वाक्यच वेगळे होते. खरे वाक्य गुप्त राहावे म्हणून ते नंतर जोन्स यांच्या आवाजात भरले गेले. हॅमिल यांना मात्र चित्रीकरणाच्या तोंडावर खरे सांगितले होते, कारण चेहऱ्यावरचा धक्का त्यांना दाखवायचा होता. जोन्स यांनी ते वाक्य वाचले तेव्हा त्यांना व्हेडर खोटे बोलतोय असे वाटले होते. म्हणजे त्या एका प्रसंगात व्हेडरच्या शरीराला एक माहिती होती, आवाजाला दुसरीच शंका होती, आणि समोरच्याला सत्य ठाऊक होते. तरीही हा प्रसंग चित्रपटाच्या इतिहासात टिकला आहे. नटाला पात्र 'आतून समजले' पाहिजे, हे सूत्र आपण फार सहज वापरतो. ते वापरण्यापूर्वी हे उदाहरण आठवावे.

याच पात्रावरून चाहत्यांत एक वाद पेटला, आणि माझ्या मते मालिकेबद्दलच्या सगळ्या वादांत तो सर्वांत शिकण्यासारखा आहे. तिसऱ्या चित्रपटाच्या शेवटी ल्यूकला ओबी-वान, योडा आणि ॲनाकिन हे तिघे आत्मरूपाने दिसतात. १९८३ मध्ये तिथे शॉ होते. २००४ च्या डीव्हीडी आवृत्तीत लुकास यांनी त्यांना काढून पूर्वकथेतला तरुण नट हेडन क्रिस्टेन्सन यांचा चेहरा बसवला. लुकास यांचा युक्तिवाद असा: ॲनाकिन म्हणून तो माणूस तरुणपणीच संपला, पुढे होता तो व्हेडर, तेव्हा परत येईल तो तरुण ॲनाकिनच. विरोधकांचा युक्तिवाद असा: ल्यूकने तो तरुण चेहरा आयुष्यात कधी पाहिलेला नाही. त्याने मुखवटा काढून पाहिला तो म्हाताऱ्या बापाचा चेहरा, आणि त्याच चेहऱ्याला त्याने क्षमा केली. मग समोर उभा असलेला हा अनोळखी पोरगा कोण?

नीट पाहा, दोन्ही बाजू पात्राबद्दल बोलताहेत. शॉ चांगले की क्रिस्टेन्सन, हा प्रश्नच नाही. एक बाजू पात्राच्या जीवनक्रमाचा दाखला देते, दुसरी प्रसंगाच्या नात्याचा. मला दुसरी बाजू पटते, कारण तो प्रसंग ल्यूकच्या डोळ्यांनी पाहिलेला आहे. पण पहिलीही पोकळ नाही. चांगला वाद असा असतो. (शॉ यांचे वय तेव्हा पंचाहत्तरीच्या पुढे होते आणि नंतर ठरलेल्या कालगणनेनुसार ॲनाकिन मरताना पंचेचाळीसच्या आसपास असतो, हा मुद्दाही काही जण आणतात. तो मला किरकोळ वाटतो. जळालेल्या, यंत्रावर जगलेल्या माणसाला म्हातारा दिसण्याची सवलत द्यायला हवी.)

बिघाड शोधण्याची सोपी रीत

पूर्वकथेचे चित्रपट आले तेव्हा क्रिस्टेन्सन यांच्यावर लाकडी अभिनयाचा शिक्का बसला. नॅटली पोर्टमन यांच्या वाट्यालाही तेच आले. पूर्वकथेनंतर लोक आपल्याला वाईट अभिनेत्री समजू लागले आणि कोणी दिग्दर्शक काम देईना, असे त्यांनी पुढे सांगितले आहे.

आता प्रयोगशाळेतली रीत लावू. आयसीवर संशय असेल तर तो काढून चालू असलेल्या दुसऱ्या सर्किटमध्ये लावून पाहायचा. तिथे तो चालला, तर दोष बहुधा पहिल्या सर्किटमध्ये आहे. क्रिस्टेन्सन यांचा 'शॅटर्ड ग्लास' हा चित्रपट २००३ चा, म्हणजे पूर्वकथेच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या भागांच्या मधला. खोट्या बातम्या रचणाऱ्या एका पत्रकाराची ती भूमिका समीक्षकांनी वाखाणली. पोर्टमन यांना 'ब्लॅक स्वान'साठी २०११ मध्ये सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचे ऑस्कर मिळाले. आयसी दोन्ही ठणठणीत.

उलटी चाचणीही करता येते: त्याच सर्किटमध्ये इतर भाग कसे चालले? इयन मॅकडिअर्मिड यांचा सम्राट पूर्वकथेत बहुतेकांना आवडला. युअन मॅकग्रेगर यांचा ओबी-वानही. मग सगळा दोष पटकथा-दिग्दर्शनाचा, असे एका वाक्यात म्हणता येत नाही. मॅकडिअर्मिड यांच्या पात्राला नाटकी बोलणे शोभते. तो राजकारणी आहे, मुखवटा हाच त्याचा स्वभाव. मॅकग्रेगर यांच्यासमोर ॲलेक गिनेस यांचा तयार नमुना होता. त्यांनी गिनेस यांचे जुने चित्रपट पाहून त्यांच्या बोलण्याची ढब अभ्यासली. क्रिस्टेन्सन आणि पोर्टमन यांना मात्र एका कोवळ्या, चोरट्या प्रेमाची गोष्ट अवजड, पुस्तकी वाक्यांत आणि अनेकदा रिकाम्या निळ्या पडद्यासमोर उभी करायची होती. त्यांच्या वाट्याला आलेला भार वेगळा होता. म्हणजे दोष संवादलेखन, प्रसंगाचा प्रकार आणि नटाला मिळालेला आधार यांच्या संगमावर आहे. हे निदान लांबलचक आहे, घोषणेसारखे म्हणता येत नाही. पण ते पुराव्याशी जुळते.

मॅकडिअर्मिड यांच्याबद्दल एक गंमत सांगतो. १९८३ च्या चित्रपटात ते जख्ख म्हातारा सम्राट झाले तेव्हा त्यांनी चाळिशीही गाठलेली नव्हती. सोळा वर्षांनी, पंचावन्नच्या सुमारास, त्यांनी तेच पात्र तरुणपणीचे साकारले. नट म्हातारा झाला आणि पात्र तरुण.

जार जार आणि रोझ

आता अवघड भाग. तो वाचायला प्रसन्न नाही, पण टाळून चालणार नाही.

१९९९ च्या चित्रपटात जार जार बिंक्स हे लांब कानांचे, धडपडे, विनोदी पात्र होते. संपूर्णपणे संगणकावर घडवलेले इतके मोठे पात्र खऱ्या नटांच्या चित्रपटात त्यापूर्वी नव्हते. त्यामागे अहमद बेस्ट हे नट होते. हालचाली त्यांच्या, आवाज त्यांचा. लहान मुलांना जार जार आवडला, जुन्या चाहत्यांना नकोसा झाला, आणि त्याचे बोलणे कृष्णवर्णीयांची टिंगल करते असाही आक्षेप आला. हा शेवटचा आक्षेप गंभीर आहे आणि तो लेखनाबद्दल, रचनेबद्दल घेता येतो. पण राग जाऊन पडला बेस्ट यांच्यावर. त्या काळात आपण जीव देण्याच्या विचारापर्यंत गेलो होतो, असे त्यांनी २०१८ मध्ये जाहीरपणे सांगितले. त्याच चित्रपटात लहान ॲनाकिन झालेल्या जेक लॉईड या मुलाला शाळेत खूप चिडवले गेले, आणि पुढे त्याने अभिनय सोडला. चित्रीकरणाच्या वेळी तो जेमतेम आठ वर्षांचा होता. आठ वर्षांच्या मुलाने म्हटलेल्या वाक्यांचा जाब कोणाला विचारायचा, यावर फार खल करायची गरज नाही.

२०१७ च्या चित्रपटात रोझ टिको ही यानाच्या देखभालीवरची साधी तंत्रज्ञ आहे. ही भूमिका केली व्हिएतनामी वंशाच्या अमेरिकी अभिनेत्री केली मेरी ट्रॅन यांनी. रोझ आणि फिन एका जुगारी शहरात जातात तो भाग कथेला थांबवतो, असा आक्षेप अनेकांनी घेतला. तो पटकथेच्या बांधणीचा मुद्दा आहे, आणि मला तो बराचसा मान्य आहे. पण ट्रॅन यांच्यापर्यंत पोहोचले ते त्यांच्या वंशावर, रूपावर, बाई असण्यावर. जून २०१८ मध्ये त्यांनी इन्स्टाग्रामवरच्या आपल्या सगळ्या नोंदी काढून टाकल्या. ऑगस्टमध्ये त्यांनी 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये लेख लिहिला. लोक जे बोलत होते ते आपल्यालाच खरे वाटू लागले, हे त्यांनी त्यात सांगितले आहे. २०१९ च्या शेवटच्या चित्रपटात रोझच्या वाट्याला जेमतेम सव्वा मिनिट आले. चित्रपट सुमारे एकशे बेचाळीस मिनिटांचा.

हे सव्वा मिनिट निदानाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. पात्राची बांधणी सैल होती, तर दुरुस्ती बांधणीची व्हायला हवी होती. झाले असे, की भागच काढून बाजूला ठेवला. फिन झालेले जॉन बोयेगा यांनी २०२० मध्ये एका मुलाखतीत हाच मुद्दा उघड मांडला: गौरेतर नटांची पात्रे जाहिरातीत पुढे ठेवली गेली आणि कथेत मागे ढकलली गेली. २०१५ च्या जाहिरातींत फिनच्या हातात लाइटसेबर होता, हे ज्यांना आठवते त्यांना त्यांचे म्हणणे तपासता येईल. तीन चित्रपट ओळीने पाहा आणि फिन स्वतः निर्णय घेतो असे प्रसंग मोजा.

नट तोच, पात्र दुसरे

व्हेडरच्या उदाहरणाची नेमकी उलटी बाजू म्हणजे २०१७ मधला ल्यूक. नट तोच, मार्क हॅमिल. नाव तेच. पण बेटावर एकटा राहणारा, हताश, सगळे सोडून दिलेला हा ल्यूक पाहून असंख्य चाहते म्हणाले, "हा आमचा ल्यूक नव्हे." खुद्द हॅमिल यांनी दिग्दर्शक रायन जॉन्सन यांच्याशी आपले मूलभूत मतभेद झाल्याचे सांगितले, पुढे ते जाहीरपणे बोलल्याबद्दल खंतही व्यक्त केली.

या वादात एक ठिणगी आणखी होती. १९९१ पासून निघालेल्या कादंबऱ्यांत ल्यूकचे पुढचे आयुष्य तपशिलाने लिहिले गेले होते: लग्न, मुलगा, नवी शाळा. एप्रिल २०१४ मध्ये कंपनीने जाहीर केले की ते सारे आता अधिकृत कथेचा भाग नाही. ज्यांनी वीस-पंचवीस वर्षे तो ल्यूक वाचला, त्यांच्या डोक्यातला इंटरफेस पडद्यावरच्यापेक्षा वेगळा होता. त्यांचा राग समजून घेता येतो. पण माणूस तिशीनंतर बदलतो, हरतो, हेही खरे. पुतण्यासारख्या वाढवलेल्या भाच्यावर हात उगारण्याचा विचार ज्याच्या मनात एक क्षण आला, तो पुढे स्वतःला तोंड दाखवू शकत नाही, हे मला तर्कशुद्ध वाटते. न पटणाऱ्यांनी पटकथेत त्या क्षणाची पुरेशी तयारी झाली आहे का, हे पाहावे. वादाची जागा तिथे आहे.

बदली नट

हान सोलोच्या तरुणपणीचा चित्रपट २०१८ मध्ये आला, हान झाले ऑल्डन एरेनराइक. चित्रीकरण अर्ध्यावर असताना दिग्दर्शकांची जोडी गेली आणि रॉन हॉवर्ड आले. चित्रपट तोट्यात गेला, आणि "फोर्डशिवाय हान नाही" हा निकाल लागला. मग मॅकग्रेगर यांचा ओबी-वान का चालला? याच चित्रपटात डोनाल्ड ग्लोव्हर यांचा लँडो का आवडला?

एक कारण मला अंतराचे वाटते. गिनेस यांचा ओबी-वान साठीतला, मॅकग्रेगर यांचा पंचविशी-तिशीतला. मधली दशके प्रेक्षक स्वतःच भरून काढतो. फोर्ड यांचा हान तिशीतला आणि एरेनराइक यांचा विशीतला. अंतर दहाएक वर्षांचे, त्यामुळे प्रत्येक हसणे, प्रत्येक वळून पाहणे शेजारी ठेवून मोजले गेले. दुसरे कारण, हानच्या पात्रात लिहिलेल्या ओळींपेक्षा फोर्ड यांचा तिरकस आळसच अधिक आहे. काही पात्रे इंटरफेसवर उभी असतात, काही एका माणसाच्या सवयींवर. माँ मॉथ्मा हे पात्र बघा: १९८३ मध्ये कॅरोलाइन ब्लॅकिस्टन यांनी ते काही क्षणांपुरते केले. जेनेव्हिव्ह ओ'रायली यांनी ते २००५ मध्ये घेतले, तेव्हा त्यांचे बहुतेक प्रसंग संकलनात गेले. पण २०२२ च्या 'अँडोर' मालिकेत त्यांनीच त्यातून एक संपूर्ण स्त्री उभी केली. कोणी कुरकुर केली नाही, कारण पहिल्या नटीने जागा मोकळी ठेवली होती.

गिनेस यांचे नाव आले म्हणून मराठी वाचकाला एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. ओबी-वान साकारल्यानंतर काही वर्षांनी, १९८४ मध्ये, डेव्हिड लीन यांच्या 'अ पॅसेज टू इंडिया'मध्ये ते झाले प्राध्यापक नारायण गोडबोले. फॉर्स्टर यांच्या कादंबरीतला हा दख्खनी ब्राह्मण. आडनाव आपल्याकडचे, चेहरा रंगवलेला इंग्रज. त्याच चित्रपटात व्हिक्टर बॅनर्जी आणि सईद जाफरी होते, म्हणजे भारतीय नट मिळत नव्हते असेही नाही. त्या निवडीवर तेव्हा आणि नंतरही टीका झाली. इथे आपली रीत काय सांगते? गिनेस थोर नट, यात वाद नाही. ओबी-वानसाठी त्यांना ऑस्करचे नामांकन मिळाले होते. आयसी उत्तम. पण तो त्या जागेसाठी नव्हता, आणि तो तिथे कोणी बसवला हा प्रश्न नटाला कमी आणि दिग्दर्शकाला जास्त विचारायचा आहे. 'नट वाईट' आणि 'निवड चुकीची' ही दोन वेगळी वाक्ये आहेत, हे या उदाहरणात जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच दिसते.

नट नसताना

शेवटचा मुद्दा अगदी आजचा आहे, आणि संगणक शाखेच्या विद्यार्थ्यांनी तो दोनदा वाचावा, कारण उद्या हे काम तुमच्याकडेच येणार आहे.

पीटर कुशिंग १९९४ मध्ये वारले. २०१६ च्या 'रोग वन'मध्ये त्यांचे टार्किन हे पात्र पुन्हा दिसले: हालचाली आणि अभिनय गाय हेन्री यांचा, वर संगणकाने चढवलेला कुशिंग यांचा चेहरा. त्याच चित्रपटात तरुण लेयाही अशीच दिसली. कॅरी फिशर तेव्हा हयात होत्या. चित्रपट आला आणि त्याच महिन्यात, २७ डिसेंबर २०१६ ला, त्या गेल्या. २०१९ मध्ये त्यांच्यासाठी निर्मात्यांनी वेगळा मार्ग घेतला. २०१५ च्या चित्रपटासाठी चित्रित करून न वापरलेल्या तुकड्यांभोवती नवे प्रसंग लिहिले. त्यामुळे लेयाचे संवाद कधी कधी थोडे तिरके लागतात, पण ते बोलणारी माणूस तीच आहे. एका छोट्या गतस्मृतीत तरुण लेयाच्या जागी त्यांची मुलगी बिली लॉर्ड उभी राहिली.

आणि व्हेडर. २०२२ च्या 'ओबी-वान केनोबी' मालिकेत त्याचा आवाज तयार केला कीव्हमधल्या रिस्पीचर या कंपनीने, जोन्स यांच्या जुन्या ध्वनिमुद्रणांवरून, कृत्रिम बुद्धिमत्तेने. युद्ध सुरू झाले होते आणि त्यातही तिथले लोक काम पुरे करत होते. जोन्स तेव्हा नव्वदीच्या पुढे होते. त्यांनी या वापराला संमती दिली होती. सप्टेंबर २०२४ मध्ये ते गेले. आवाज राहिला.

चाहत्यांत यावर दोन तट आहेत. एक म्हणतो, व्हेडर आधीपासूनच जोडणी होती, एक भाग आता यंत्रातून येतो एवढेच. दुसरा म्हणतो, जोन्स यांनी त्या काही तासांत जे केले तो निर्णय होता: कुठे थांबायचे, कुठला शब्द दाबायचा. यंत्र त्या निर्णयांची सरासरी काढते, नवा निर्णय घेत नाही. मी दुसऱ्या बाजूला झुकतो. पण त्याहून मोठा फरक मला संमतीचा वाटतो. जोन्स यांना विचारता आले. फिशर यांनाही त्या वेळी विचारता आले. कुशिंग यांना विचारणे शक्यच नव्हते; परवानगी मिळाली ती त्यांच्या मागे राहिलेल्या हक्कदारांकडून. नट हा भाग म्हणून कितीही बदलता येत असला, तरी त्या भागाला नाव, घर आणि मत असते, आणि डेटाशीटमध्ये ते छापलेले नसते.

स्वाध्याय

१. तुम्हाला न आवडलेले एखादे पात्र घ्या. चित्रपट कोणत्याही भाषेतला चालेल. त्याच नटाचे वेगळ्या दिग्दर्शकाबरोबरचे एक काम आणि त्याच चित्रपटातल्या दुसऱ्या दोन नटांचे काम पाहा. दोष कुठे आहे याचे निदान दहा ओळींत लिहा. 'वाईट अभिनय' हे शब्द वापरू नका.

२. २००४ मधील बदलाच्या बाजूने आणि विरोधात प्रत्येकी तीन मुद्दे मांडा. त्यांतला एकही मुद्दा नटाच्या गुणवत्तेबद्दल नसावा.

३. तुमच्या गटाला एका दिवंगत गायकाचा आवाज पुन्हा तयार करण्याचा प्रकल्प मिळाला आहे, असे समजा. ध्वनिमुद्रणे मिळाली आहेत. काम सुरू करण्यापूर्वी तुम्ही कोणाला, काय आणि कोणत्या क्रमाने विचाराल?